गाऱ्हाण्यासकट उपकारस्तुती

संकटात देवाचे आभार मानणारा माणूस एकतर स्वतःला फसवत असतो, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी त्याला फसवलेलं असतं. हे मत शिकल्यासवरल्या मराठी माणसांत आता इतकं रुळलं आहे की त्याला कुणी मत म्हणतही नाही. ख्रिस्ती माणसाबद्दल बोलताना तर ते अधिकच ठामपणे मांडलं जातं. कोल्हापुरातल्या न्यू शाहूपुरीत किंवा पन्हाळ्याजवळच्या कोडोलीत एखाद्या ख्रिस्ती घरी संध्याकाळची प्रार्थनासभा भरते. कुणीतरी उठून साक्ष देतं. फाउंड्रीतलं काम सुटलं, नवऱ्याचं डायालिसिस चालू आहे, मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, हे सगळं सांगून होतं आणि शेवटी ती बाई किंवा तो बाप्या प्रभूची उपकारस्तुती करून खाली बसतो. ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो: यात उपकार कुठला?

प्रश्न रास्त आहे. तक्रार आहे ती त्याच्या तयार उत्तरांबद्दल. एक उत्तर असं की हा मनाला बरं वाटून घेण्याचा उपाय आहे. दुसरं असं की मिशननं शाळा दिल्या, दवाखाने दिले, दुष्काळात जेवू घातलं, त्या मिंधेपणातून आभाराची सवय लागली आणि मग ती देवापर्यंत पोचली. तिसरं उत्तर सर्वांत गंभीर आहे: आभार मानायला शिकलेला माणूस हक्क मागायला विसरतो, म्हणून दुबळ्यांच्या हातात दिलेली ही गोड बेडी आहे.

पहिल्या उत्तराला फार जागा देण्याचं कारण नाही, पण त्याच्यामागे आता विज्ञानाचं बळ उभं केलं जातं म्हणून थोडं बोलायला हवं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला. त्यांनी काही लोकांना आठवड्यातून एकदा, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायला सांगितलं, काहींना त्रासदायक गोष्टी लिहायला सांगितल्या, तर काहींना नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. अभ्यास प्रामाणिक आहे आणि त्याच्या निष्कर्षाशी माझं भांडण नाही. पण त्याची मांडणीच सांगते की तो वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. तिथे कृतज्ञता लिहिणारे एका गटात आणि त्रास लिहिणारे दुसऱ्या गटात बसवले होते. वर सांगितलेल्या साक्षीत दोन्ही वह्या एकाच माणसाच्या हातात असतात. फाउंड्री सुटल्याचं दुःख उपकारस्तुतीच्या आधी, सगळ्यांसमोर, देवाला सांगितलेलं असतं. ते वगळून फक्त शेवटचं वाक्य उचललं तर अर्थातच ते स्वतःची समजूत घालणं वाटेल.

ही दोन्ही वह्या एकत्र ठेवण्याची रीत कुठून आली, ते पाहिलं की पुढचं बरंच सोपं होतं. पवित्र शास्त्रातलं स्तोत्रसंहितेचं पुस्तक 150 स्तोत्रांचं आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आनंदगीतांचा नसून विलापांचा आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो की हे कुठवर चालायचं. बाविसावं स्तोत्र देवानं टाकल्याच्या आक्रोशानं सुरू होतं आणि भरल्या सभेत त्याची स्तुती करण्यावर येऊन थांबतं. हा प्रवास एका स्तोत्रात होतो, एका तोंडून होतो. अठ्ठ्याऐंशीवं मात्र तसं नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी आभाराचा एक शब्दही येत नाही. ज्यांनी ही संहिता जपली त्यांनी ते वगळलं नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. आभार सक्तीचे असते तर हे स्तोत्र त्या पुस्तकात टिकलं नसतं.

ईयोबाचंही तसंच. देवानं दिलं आणि देवानं नेलं, त्याच्या नावाचा धन्यवाद असो, हा पहिल्या अध्यायातला ईयोब सगळ्यांना पाठ असतो. अंत्यविधीत तोच ऐकायला मिळतो. तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, आणि पुढे पानांमागून पानं देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. त्याला समजावणारे, तुझंच काहीतरी चुकलं असणार असं सांगणारे मित्र देवाच्या बाजूनं बोलत आहेत असं वाचणाऱ्याला वाटतं. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो आणि खरं बोलल्याचं श्रेय ईयोबाला देतो. इतका मोठा पुरावा ग्रंथातच असताना ख्रिस्ती कृतज्ञता म्हणजे मुकाट्यानं सोसणं, असं म्हणणाऱ्यानं तो ग्रंथ कितपत वाचला असेल?

आणि या सगळ्याच्या मध्यभागी ती एक रात्र आहे. पकडून नेलं जाण्याच्या रात्री येशूनं भाकर हातात घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली. जगभरच्या मंडळ्या प्रभुभोजनात आजही तेच करतात. त्याच रात्री काही वेळानं गेथशेमाने बागेत तो जमिनीवर पडून विनवत होता की हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य. भाकरीचे आभार त्यानं मानले. पुढे येणाऱ्या यातनेची उपकारस्तुती त्यानं केली नाही, ती टळावी म्हणून घाम गाळला. संकटात आभार मानणारा ख्रिस्ती माणूस संकटाचेच आभार मानतो, हा जो समज आहे तो या एका रात्रीपुढे उभा राहत नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की मग चांगल्याचं श्रेय देवाला आणि वाईटाचा जाब कुणालाच नाही, हा कुठला न्याय? आक्षेप जुना आणि अवघड आहे. तत्त्वज्ञानानं त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर तो घेतला जातो त्या स्तोत्रकर्त्यानं तर वाईटाचाही जाब देवालाच विचारलेला आहे. दोन्ही खाती एकाच नावावर मांडली आहेत. जो आभारही देवाचे मानत नाही आणि गाऱ्हाणंही त्याच्याकडे नेत नाही, त्याचा हिशोब सुटसुटीत असेल. आभार मानणाऱ्याचा अप्रामाणिक आहे असं त्यावरून ठरत नाही. शिवाय दुःख होतं ते मिळालेल्या गोष्टीचंच. जे कधी दिलंच गेलं नव्हतं त्यासाठी कोण रडतं? लेकरू गेल्यावर आई त्याच्या असण्याबद्दल देवाचे आभार मानते तेव्हा ती जाण्याला मान्यता देत नसते. काय गेलं ते किती मोलाचं होतं, हे ती सांगत असते, आणि तिच्या विलापाला धार येते ती त्यामुळेच.

मराठी कानाला हे नवं नव्हतं. 1630च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी दिवाळं निघाल्याबद्दल, दुष्काळानं पीडल्याबद्दल देवाला बरं झालं म्हटलं, आणि त्याच तुकोबांनी विठ्ठलाशी कचाकचा भांडणही केलं. तुकोबा तर आपत्तीलाच बरं म्हणण्यापर्यंत गेले; स्तोत्रकर्ता सहसा तिथवर जात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, ते उगाच नव्हे. ख्रिस्ती उपकारस्तुती ही परक्यांची निपज आहे, मराठी मनाला ती शिकवावी लागली, असं मानणाऱ्यांनी हा पूल एकदा ओलांडून पाहावा.

आता मिंधेपणाचं उत्तर. कोल्हापुरात ते विशेष ऐकू येतं, कारण मिशनच्या खुणा इथे डोळ्यांसमोर आहेत: वाइल्डर मेमोरियल चर्च, मेरी वॉन्लेस हॉस्पिटल, एस्तर पॅटन शाळा, आणि जवळच मिरजेला विल्यम वॉन्लेस यांचा 1894 सालचा दवाखाना. ज्यांच्या आज्या-पणज्या या दारांतून आत गेल्या त्यांची कृतज्ञता ही उपकाराखाली दबलेल्यांची कृतज्ञता असणार, असा तर्क केला जातो.

हा तर्क करणाऱ्यांना या चर्चला ज्याचं नाव आहे त्या माणसाचीच गोष्ट ठाऊक नसावी. रॉयल गुल्ड वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले ते अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून. पुढे शाळांच्या धोरणावरून त्यांचं त्यांच्याच बोर्डाशी बिनसलं. परदेशातून पैसा पाठवणाऱ्या वरिष्ठांना पटत नाही म्हणून शाळा बंद करायच्या हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी त्या धोरणाविरुद्ध पुस्तक लिहिलं, बोर्डाचा आधार गेला तरी 1861 साली स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापूरला परतले आणि 1870 साली प्रेस्बिटेरियन मिशननं हे काम आपल्याकडे घेईपर्यंत ते रेटत राहिले. इथल्या मंडळीचा पायाच असा आहे. देणाऱ्याचे उपकार विसरायचे नाहीत, पण त्यापायी आपलं म्हणणंही गिळायचं नाही.

टिळकांचंही तेच. अमेरिकन मराठी मिशनचं त्यांच्यावर प्रेम होतं आणि त्यांचंही मिशनवर होतं. तरीही 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला, कारण हिंदी ख्रिस्ती माणसानं परक्या पैशाच्या आधारावर कायम उभं राहू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. वय झालेलं, प्रकृती ढासळलेली, पुढच्या मिळकतीची खात्री नाही. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी ते गेले. 'उपासना संगीत'मधली त्यांची पदं आज रविवारी चर्चमध्ये म्हटली जातात, त्यांतल्या देवाच्या उपकारांच्या मागे हा नोकरी सोडणारा माणूस उभा आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर उपकारस्तुती आणि गाऱ्हाणं शेजारी शेजारी कसं ठेवायचं याचा वस्तुपाठच मराठीत लिहून ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो त्यांना विश्वासात न घेता. पुढची कित्येक वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, लेकराला घेऊन, सनातनी नातलगांच्या आसऱ्यानं. स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या त्यानंतर, स्वतःच्या वाटेनं, जातिभेद देवानं केलेला नाही हे स्वतःशी विचार करून ठरवल्यावर. 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाली. त्यात नवऱ्याच्या लहरीपणावर त्यांनी पांघरूण घातलं नाही, मिशनरी मंडळींच्या वागण्यावरही नाही. घरातली उपासमार, एकटेपणा, अपमान सगळं त्यात आहे. आणि तरी ते पुस्तक वाचून मिटवताना हाती राहते ती ऊब. दुःख दडपून ठेवलेल्या बाईला असं हसता आलं नसतं. तिचं हसू मिंधेपणाचं होतं असं म्हणणाऱ्यानं ते पुस्तक पुन्हा वाचावं एवढंच मी म्हणेन.

पण या विषयातला सर्वांत मोठा पुरावा पंडिता रमाबाईंचा. त्यांच्यावर मृत्यू किती वेळा चालून आला ते पाहा. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, मग थोरली बहीण गेली. 1880 साली ढाक्यात भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. कडेवर मनोरमा, वर्षाचीही पुरी नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींनी त्यांना घर दिलं, शिक्षणाची सोय केली, आईच्या मायेनं वागवलं. मिंधं होण्यासाठी याहून पक्की परिस्थिती कुठली? परका देश, अंगावर विधवेचं दुःख, कमी ऐकू येण्याचा त्रास वाढत चाललेला, आणि खर्च दुसऱ्याच्या हाती.

आणि तरीही त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर त्यात रमाबाई वाँटेजच्या भगिनी जेराल्डाइन यांच्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालताना दिसतात. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला पटलेला नाही, तो नुसत्या आज्ञेनं पटणारही नाही. मांसाहार करणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या लोकांना कळेल अशी भाषा का नको? जेराल्डाइनबाईंनी त्यांच्यावर कृतघ्नपणाचाही ठपका ठेवला. रमाबाईंनी उपकार नाकारले नाहीत, पण त्यांच्या बदल्यात विवेक गहाण ठेवायला साफ नकार दिला. देवाचे देणेकरी असण्याचा अर्थ त्यांना एवढ्यापुरता उमजला होता की मग माणसाचं मिंधं राहायचं कारण उरत नाही. ख्रिस्ती उपकारस्तुतीचा मला जो गाभा वाटतो तो इथे आहे. आभार वर पोचले की खाली मान ताठ होते.

पुढे 1897 साली पुण्यात प्लेग आला. रमाबाईंच्या संस्थेतल्या एका मुलीला सरकारी प्लेगच्या दवाखान्यात नेण्यात आलं आणि तिच्या वाट्याला जे आलं त्यानं रमाबाई पेटून उठल्या. 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात त्यांनी उघड पत्र लिहून सरकारी व्यवस्थेवर आरोप केले. सरकार ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं, पत्रही ख्रिस्ती, लिहिणारी बाई ख्रिस्तावर जीव ओवाळून टाकणारी. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारनं आरोप फेटाळले, बाई मागे हटल्या नाहीत. त्याच सुमारास दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या होत्या आणि देवानं या मुली दिल्या म्हणून त्या त्याचे आभार मानत होत्या. आभार मानणारं तोंड आणि जाब विचारणारं तोंड दोन वेगळी नव्हती.

म्हणून तिसऱ्या, सर्वांत गंभीर उत्तराकडे येताना माझी भीती कमी झालेली असते, आदर मात्र कमी होत नाही. कारण ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला राजर्षी शाहू महाराजांनी ज्यांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून सर्वांसमोर उभं केलं, त्या बाबासाहेबांनी पुढे धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर निबंध लिहिला. तो त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहे. त्यातला मुद्दा असा: अस्पृश्यतेतून आलेल्या ख्रिस्ती माणसाला शिकवलं जातं की तुझ्या अवस्थेचं मूळ तुझ्या पापात आहे, मग तो परिस्थिती बदलण्यासाठी उठत नाही. अफूची गोळी म्हणणाऱ्या मार्क्सपेक्षा हा वार खोल आहे. मार्क्सनं निदान 1844च्या त्याच परिच्छेदात धर्म हा खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही असतो असं म्हटलं होतं. गोळीचं वाक्य सगळे सांगतात, ते आधीचं कुणी सांगत नाही.

बाबासाहेबांच्या टीकेतला बराच भाग मी मान्य करतो. असं शिकवलं जात होतं, आणि काही व्यासपीठांवरून आजही जातं. आजार बरा झाला नाही तर विश्वास कमी पडला, कर्ज फिटलं नाही तर दशांश दिला नसशील, असं रडणाऱ्या माणसाला सांगणारे प्रचारक कोल्हापुरातही येतात. ही क्रूर गोष्ट आहे. पण ती येशूच्या शिकवणीविरुद्धही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याचे डोळे उघडतो. पुढे काय होतं तेही वाचण्यासारखं आहे. दृष्टी आलेला तो भिकारी धर्मपुढाऱ्यांच्या चौकशीपुढे उभा राहून त्यांनाच उलट प्रश्न विचारतो, आणि सभास्थानातून हाकलला जातो. बरं करणाऱ्याबद्दलच्या कृतज्ञतेनं त्याला गप्प केलं नाही, बोलतं केलं.

आणि ही नुसती ग्रंथातली गोष्ट राहिलेली नाही. 10 ऑगस्ट 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राखला. 1956 साली तो शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. जात चर्चच्या दारात गळून पडत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? हे लोक रविवारी देवाची उपकारस्तुती करतात आणि 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात. 2004 पासून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. कृतज्ञतेनं त्यांना हक्क विसरायला लावले असतील तर ते इतकी वर्षं दार का ठोठावत आहेत? हेच दुसऱ्या बाजूनं पाहायचं तर 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, तेव्हाचं आठवावं. चिखली-आंबेवाडीची माणसं, कुठल्याही धर्माची असोत, जीव वाचला म्हणून हात जोडून तशीच पंचनाम्यासाठी आणि पुनर्वसनासाठी कचेरीत उभी होती. हात जोडले म्हणून कुणी पुनर्वसनाची मागणी सोडली नाही.

तेव्हा खंडन करायचं ते बाबासाहेबांचं नाही, त्यांनी ज्या शिकवणीवर बोट ठेवलं तिचं. ते काम ख्रिस्ती मंडळीचं आहे आणि ते बाहेरच्या टीकाकाराला उत्तर देऊन होत नाही. प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उठलेल्या माणसाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडून त्याला लवकर स्तुतीवर आणण्याची घाई पाळकांनी आणि वडील मंडळींनी सोडावी. तरुण मुलगा गेलेल्या घरी पहिल्याच संध्याकाळी ईयोबाचा पहिला अध्याय वाचू नये; तिसरा वाचावा, आणि त्याच्याबरोबर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र, शेवटच्या ओळीपर्यंत, काही न जोडता. ज्याला त्या दिवशी आभार मानता येत नाहीत त्याला मानायला लावू नये. त्याच्या वतीनं मंडळीनं गप्प बसून राहावं. तो महिन्यांनी किंवा वर्षांनी स्वतः उठून उपकारस्तुती करील, किंवा करणार नाही, आणि दोन्ही वेळा त्याची खुर्ची तिथेच असावी.